झळाळीचा दात

पानावर लाल वर्तुळ होतं. झळाळीच्या उघड्या तोंडाभोवती संपादिकेने ते काढलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, 'समोरचा दात तुटलेला का? बाकी कुठेच नाही. चूक राहिली आहे का?' धाकटीने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, पडद्यावर पान मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि पाहते तर खरंच समोरच्या उजव्या दाताचा कोपरा उडालेला. तिरका, स्वच्छ, मुद्दाम काढावा तसा. आणि तो तिने काढलेला नव्हता. म्हणजे काढला तिनेच, हात तिचा, शाई तिची, दुसरं कोण येऊन काढणार? पण काढल्याची आठवण म्हणून नव्हती. सगळं आयुष्य चित्रं काढण्यात घालवल्यावर आपल्याच हाताने आपल्याला न विचारता काही उद्योग करून ठेवावा, याचं तिला हसू आलं.  समोरच्या टेबलावर संवादांच्या फुग्यांत अक्षरं बसवणारा अक्षरवाला बसायचा. त्याने मान वर न करता विचारलं, "काय, लाल शाई दिसली वाटतं?" ती म्हणाली, "दात तुटलाय." तो म्हणाला, "या वयात व्हायचंच." धाकटी सत्तेचाळीस वर्षांची होती. घरात पडलेलं नाव माणसाला जन्मभर चिकटतं. तिच्यानंतर घरात कोणी जन्मलं नाही, त्यामुळे ती धाकटीच राहिली, केस पिकले तरी.

झळाळी ही तिच्या लहानपणची कार्टूनमधली मुलगी. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, जाड भिंगांची, कोणी विचारत नसे अशी. संकट आलं की ती बूट काढून भिरकावायची, अनवाणी टाच जमिनीवर आपटायची आणि ओरडायची, "बाजूला व्हा!" मग उजेडाचा लोट उठायचा आणि त्यातून झळाळी बाहेर पडायची, केस मोकळे, अंगावर रुपेरी झगा, चष्मा गायब. चष्म्याशिवाय तिला दिसतं कसं, हा प्रश्न धाकटीला तेव्हाही पडायचा. पण ताई म्हणायची, गप बस, जादूत असले प्रश्न विचारत नाहीत. ते कार्टून पाहणारी पोरं आता कमावती झाली, त्यांच्या आठवणींनाही भाव आला, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की झळाळीची चित्रकादंबरी काढावी, तीन भागांत, जाड कागदावर. चित्रांसाठी धाकटीला विचारलं तेव्हा तिने फोन ठेवून खुर्चीला घट्ट धरलं होतं. तोवर तिने काय काढलं होतं? पाठ्यपुस्तकांतली फुलपाखरं, पचनसंस्था, आणि दोन्ही बाजूंना पाहून रस्ता ओलांडणारी गुणी मुलं. हात चांगला आहे हो तुमचा, असं सगळे म्हणायचे आणि पुढचं फुलपाखरू द्यायचे. झळाळीबरोबर एक तक्ताही आला. तिचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी मंजूर केलेले आठ चेहरे त्यावर होते: आनंदी, चकित, काळजीतली, निर्धाराची असे. आठवा राग होता, पण लटका. गाल फुगवलेले, भुवया जरा खाली, कोणालाही उचलून घ्यावीशी वाटेल असा. तक्त्याखाली नियम लिहिला होता: याबाहेरचं काही काढल्यास जुन्या कार्टूनमधला किंवा प्रत्यक्षातला संदर्भ दाखवावा. धाकटीने तो तक्ता भिंतीवर लावला आणि ती निमूटपणे त्याबरहुकूम काढत गेली, कारण निमूटपणे काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता. फक्त एका जागी तिने कोणाचं ऐकलं नाही. मुलगी संपते आणि झळाळी सुरू होते त्याच्या मधला जो क्षण, तो तिने समोरासमोरच्या दोन पानांवर पसरून काढला. तिथे मुलगी नव्हती आणि झळाळीही नव्हती. नाक आक्रसलेलं, ओठ मागे ओढलेले, दात उघडे, डोळ्यांत अशी आग की जवळ गेलं तर हात भाजेल. हा चेहरा तिने लहानपणी पाहिला होता. कॅसेट थांबवून पाहिला होता. त्यात तिळभरही शंका नव्हती.

"मॅडम, दाताचं सोडा," दुपारी संपादिका स्वतःच टेबलाशी आली. तिशीची, हुशार, आणि मनापासून झळाळीवर जीव असलेली. तिच्या कपावरही झळाळी होती. "दात दोन मिनिटांत नीट होईल. मला चेहऱ्याचंच बोलायचंय. हा कुठला आहे? तक्त्यात नाही."

"जुन्या कार्टूनमध्ये आहे. बदल होताना, मधे. एकच क्षण दिसतो."

"मला नाही आठवत."

"तुम्ही नंतर पाहिलंत, रंग धुऊनपुसून परत दाखवायला लागले तेव्हा. आमच्या वेळच्या कॅसेटमध्ये होता."

संपादिका वाद घालणाऱ्यांतली नव्हती, शोधणाऱ्यांतली होती. तिने मूळ फिल्म मागवली, तो तुकडा एकेक चित्र सुटं करून घेतला, आणि दोन दिवसांनी मोठ्या पडद्यावर तिघांनी मिळून पाहिला. मुलगी. बूट हवेत. टाच. उघडलेलं तोंड. मग काळं. काळं, काळं, नुसतं काळं. मग उजेड आणि त्यातून हसत येणारी झळाळी. संपादिकेने पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, सावकाश. काळ्यात काही नव्हतं. "बदल काढायला जीव जातो, काळं फासायला काय लागतं?" अक्षरवाला म्हणाला. "बिचाऱ्यांनी काम वाचवलं." धाकटीचे कान तापले. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर तापायचे तसेच. छत्तीस वर्षं ती जो चेहरा उराशी धरून होती, रिकाम्या कागदाच्या कोपऱ्यात, फोनवर बोलताना, कंटाळवाण्या बैठकांत जो गिरवत आली होती, तो मुळात नव्हताच. संपादिकेने तिच्याकडे पाहिलं नाही, हे तिचं चांगुलपण. ती हळूच म्हणाली, "मॅडम, लोक आठवणींसाठी हे पुस्तक घेणार. त्यांना घाबरवून कसं चालेल? शुक्रवारी पान छपाईला जातंय. गोड चेहरा द्या, नाहीतर संदर्भ द्या. दोन्ही नसेल तर वरून सांगणं आहे, ते पान दुसऱ्याकडून काढून घ्यायचं. आणि मग पुढचे दोन भागही..." तिने वाक्य पुरं केलं नाही, केलं असतं तरी तेच होतं.

त्या संध्याकाळी धाकटी चालत घरी गेली. दुकानांच्या काचा, वळणावरचा सिग्नल, कुत्र्याला फिरवणारा माणूस, सगळं नेहमीचं होतं आणि तिला सगळ्याचाच राग येत होता. गोड चेहरा द्या. कोण कोण म्हणालं होतं हे! आई म्हणायची, तोंड वाकडं करू नकोस, पाहुणे बसलेत. गटफोटो काढणारा म्हणायचा, दुसऱ्या रांगेतली ती, जरा हसा की. पाठ्यपुस्तकवाले म्हणायचे, रस्ता ओलांडणारी मुलगी गंभीर वाटते, हसरी करा. जसं काही भरधाव गाड्यांमधून जाताना माणूस हसतच जातो. ती प्रत्येक वेळी तोंडाच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा वर वळवायची आणि पान पुढे सरकवायची. रेघा वर वळवायला काय लागतं, मनगट जरासं हलवायचं. असं मनगट हलवता हलवता इतकी वर्षं गेली. आणि आता एकुलता एक चेहरा तिने मनापासून काढला, तर तो खोटा निघाला. तिचा विश्वास बसत नव्हता. डोळ्यांनी पाहिलेलं होतं ते. सतरंजीवर पोटावर पडून, हनुवटी मुठींवर टेकवून पाहिलेलं होतं. तिला त्या सतरंजीचा वास आठवत होता, कॅसेट आत जातानाचा घास गिळल्यासारखा आवाज आठवत होता, मग चेहराच तेवढा कसा खोटा असेल? घरी येऊन ती चप्पल न काढता आरशासमोर उभी राहिली, ओठ मागे ओढले आणि नाक आक्रसलं. आरशात एक दमलेली बाई दात दाखवत होती, आणि तिचे दात सगळे शाबूत होते. बराच वेळ ती ते शाबूत दात पाहत राहिली. मग तिच्या मनात आलं, आपल्या घरात दात तुटलेलं माणूस एकच होतं.

ताईचा दात कंपाउंडच्या भिंतीवर तुटला. पाठीला चादर बांधून, बूट भिरकावून, "बाजूला व्हा!" असं गल्लीभर ओरडून तिने भिंतीवरून उडी मारली होती, आणि जादू तेवढी यायची राहिली. रक्ताने भरलेल्या तोंडाने ती हसत होती. आईने दोन रट्टे दिले आणि मग स्वतःच रडत बसली, की मुलीच्या जातीला आता हा दात घेऊन कसं व्हायचं. पण ताईला त्या दाताची लाज कधी वाटली नाही. त्या फटीतून ती शिट्टी अशी वाजवायची की चौथ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत यायची. पुढे तो दात नीट झाला. उडालेल्या कोपऱ्यावर डॉक्टरने पांढरा तुकडा बसवला, आणि ज्याने तुकडा बसवला त्यानेच नोकरीही दिली. त्या दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर ताई आजही बसते. आलेल्या माणसाकडे पाहून हसायचं आणि बसा म्हणायचं, हे तिचं काम. तुकडा मधेच कधीतरी निसटतो, मग आत जाऊन नवा बसवून घ्यायचा, नोकरांना फुकट. शिट्टी तेवढी परत वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी पानाचा छापील कागद गुंडाळी करून दवाखान्यात गेली. बाकावर एक आजोबा गाल धरून बसले होते. आतून यंत्राची घरघर येत होती. ताई टेबलामागून उठली, "अगं, तू इकडे कुठे? दाढ दुखतेय का?" धाकटीने कागद टेबलावर पसरला. ताईने चष्मा शोधला, लावला आणि पाहिलं.

"अगंबाई, कोण ही?"

"झळाळी."

"ही?" ताई हसली, दवाखान्यातलं हसू. "झळाळी अशी कुठे होती? कसली गोड होती ती. हिला बघून पोरं पळतील."

"तेच म्हणतायत सगळे. गोड काढ म्हणतायत, नाहीतर असा चेहरा कुठे पाहिलास ते दाखव. शुक्रवारपर्यंत, नाहीतर पुस्तक काढून घेणार माझ्याकडून."

"मग काढ की! वेडी आहेस का? इतक्या वर्षांनी मनासारखं काम मिळालंय, एका तोंडापायी घालवशील? आपल्या हाती काय असतं गं, सांगतील तसं करायचं." एवढं बोलून ती कागद गुंडाळायला लागली, आणि गुंडाळता गुंडाळता थांबली. तिने कागद परत उघडला. बोटाने दाताला हात लावला. बाकावरच्या आजोबांनी विचारलं, बाई, अजून किती वेळ? ताईचं बोट दातावरच होतं. 

"चुकीच्या बाजूला काढलायस," ताई म्हणाली. "माझा डावा होता."

डावा. धाकटीने कागदाकडे पाहिलं. कागदावर उजवा होता. हात तिचा, शाई तिची, आणि सख्ख्या बहिणीच्या दाताची बाजू चुकावी? ज्या तोंडासमोर बसून वर्षानुवर्षं जेवली, त्याची? असं होणार नाही. डावा दात उजवीकडे फक्त एकाच ठिकाणी दिसतो, काचेत. आणि काच म्हटल्याबरोबर ती दुपार उघडली, इतक्या वर्षांनी, सगळीच्या सगळी. पडदा काळा झालेला होता. तो काळा असताना ताईने कॅसेट थांबवली होती, वायर लावलेल्या त्या जुन्या रिमोटचं बटण दाबून. ती टीव्हीच्या अगदी जवळ, पाठमोरी बसली होती, आणि मागे सतरंजीवर धाकटी. ताई सतरा वर्षांची होती. तिला जहाजावरच्या शिक्षणासाठी घेतलं होतं, दूर, समुद्राकाठच्या शहरात. दिशा कशी काढायची, वारा कसा ओळखायचा, जहाज कसं न्यायचं ते शिकवणार होते. घरात तिने त्याशिवाय दुसरं बोलणं ठेवलं नव्हतं. त्या दुपारी शेजारच्या खोलीत बाबांनी तिला सांगितलं, नाही. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून तर धाकटीला तेव्हा ऐकू आलं नाही, पुढे कळलं. आई म्हणाली होती, आणि आता चेहरा पाडून फिरू नकोस घरभर. ताई बाहेर आली, धाकटीशेजारून गेली, टीव्हीसमोर बसली. मुलगी, बूट, टाच, तोंड, काळं. आणि काळ्या काचेत ती. रडत नव्हती. नाक आक्रसलेलं, ओठ मागे ओढलेले, तुटका दात उघडा. धाकटीला वाटलं हीच जादू, बदलताना असंच होत असणार, आणि आता यातून काहीतरी प्रचंड बाहेर पडणार. ती श्वास रोखून वाट पाहत राहिली. फार वेळ थांबवून ठेवलं की ते यंत्र आपणहून पुढे चालू लागायचं, तसं लागलं. उजेड झाला, काचेतला चेहरा पुसला गेला आणि झळाळी हसत बाहेर आली. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि आईला भांडी लावून देऊ लागली.

"त्या दिवशी मी तुला पाहिलं," धाकटी म्हणाली. "टीव्हीच्या काचेत. मला वाटलं कार्टूनच आहे."

ताई खाली बसली. आतून डॉक्टरांनी हाक मारली, पुढचे पाठवा. आजोबा उठून आपले आपणच आत गेले. "मला वाटायचं कोणी पाहिलं नाही," ताई म्हणाली. "बरं झालं म्हणायचे मी, कोणी पाहिलं नाही." मग तिने कागद गुंडाळला, रबर लावलं आणि धाकटीच्या हातात दिला. "जा आता. गर्दी व्हायची वेळ झाली."

गोड काढू की नको, हे ती बोललीच नाही. धाकटीला वाटेत रडू आलं, आणि मग त्याचाही राग आला. बाई इतकी वर्षं हसली, माणसांना बसा म्हणाली, आणि तिचा तो एक खरा चेहरा जगात फक्त एका ठिकाणी उरला होता, एका अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात, तोही कार्टूनच्या नावावर. तो आता आपण आपल्या हाताने पुसायचा? तोंडाच्या कोपऱ्यात दोन रेघा वर वळवून? नाही म्हणजे नाही. गेलं पुस्तक तर गेलं. फुलपाखरं आहेतच काढायला, ती काही पळून जात नाहीत.

शुक्रवारी ती सकाळी लवकर टेबलाशी बसली. गोड चेहरा काढून ठेवावा, निदान सोबत असावा, असं मनाने एकदा सुचवलं आणि तिने मनाला झापलं. पानाला हात लावायचा नव्हता, तरी तिने कुंचला धुतला, पुसला, परत धुतला. संपादिका आली ती खिडकीजवळच, टेबलाच्या कडेला उभी राहिली. तिचा चेहरा उतरलेला होता. असली कामं तिलाही आवडत नव्हती.

"झालं का, मॅडम?"

"झालंय. हेच आहे."

"चेहरा तोच आहे."

"तोच राहणार. दातसुद्धा."

"मॅडम, मी तुमच्या बाजूनं भांडले, खरंच. पण मला वर दाखवायला काहीतरी लागेल ना. फिल्ममध्ये काळं आहे. तक्त्यात नाही. प्रत्यक्षातलंही काही नाही. संदर्भ म्हणून मी काय लावू?"

"काळ्या पडद्यात कोणाला काय दिसलं, त्याचा संदर्भ कुठून आणू?" धाकटी म्हणाली.  "नाव काढायचं असेल तर माझं काढा. हिला हात लावायचा नाही."

अक्षरवाल्याने काम थांबवलं होतं. तो दाराकडे पाहत होता. दारात ताई उभी होती, दवाखान्याचा फिकट निळा कोट अंगात तसाच, जिने चढून धाप लागलेली. या ऑफिसात ती कधी आली नव्हती. तिने धाकटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या आठ गोड चेहऱ्यांकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या एकीकडे, आणि पर्स टेबलावर ठेवली.

"तुकडा काढून टाकला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले नवा लावू, बसा. म्हटलं राहू दे." आणि तिने तोंड उघडलं. डावीकडे, समोरच, तिरका, स्वच्छ. वय झालेल्या तोंडात तो दातच तेवढा सतरा वर्षांचा होता.

 ताईने खुर्ची ओढली, खिडकीसमोर टाकली, पदराला हात पुसावे तसे कोटाला पुसले आणि बसली. नाक आक्रसलं, ओठ मागे ओढले. आधी जरा जमेना. इतक्या वर्षांची हसायची सवय, गाल आपोआप वर जात होते. तिने डोळे मिटले, उघडले, आणि तो आला. काचेतला, काळ्यातला, तोच. धाकटीच्या हातात कुंचला कधी आला ते तिला कळलं नाही.

संपादिका अजून खिडकीशी उभी होती, कप छातीशी धरून. तिची सावली ताईच्या निम्म्या चेहऱ्यावर पडली होती.

"अहो," ताई दात तसेच उघडे ठेवून तिला म्हणाली, "बाजूला व्हा."

संपादिका दचकली. तिने ताईकडे पाहिलं, मग पडद्याकडे, परत ताईकडे. आणि ती बाजूला झाली.